फुटक्यांची बैठक

कपबश्यांच्या त्या कारखान्यात दर गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, फुटक्यांची बैठक बसायची. नाव ऐकून बाहेरचे लोक विचारायचे, फुटके म्हणजे कप की माणसं? आतले म्हणायचे, येऊन बघा आणि ठरवा. बांधणीच्या खोलीतल्या लांब टेबलावर आठवड्याभरात बाद झालेल्या मालाचे तुकडे पसरायचे, भोवती बसायचं आणि माल का फुटला ते शोधून काढायचं, एवढंच काम. पूर्वी हे काम आरडाओरडा करून व्हायचं. मातीवाला म्हणायचा झिलई वाईट, झिलईवाल्या म्हणायच्या भट्टी वाईट, भट्टीवाला म्हणायचा मुळात मातीच दळभद्री. शेवटी त्या दिवशी जो रजेवर असेल त्याच्यावर खापर फोडून सगळे चहाला मोकळे.

ही सगळी रीत बदलली ती पारख्यांनी. पारखी म्हणजे भट्टीतून निघालेला एकेक कप डाव्या तळहातावर घेऊन, उजव्या हातातल्या बारीक दांडीने टिचकी मारून, कान लावून ऐकणारा माणूस. चांगला कप टण्णकन वाजतो आणि त्याचा सूर जरा रेंगाळतो. तडा गेलेला बद्द वाजतो आणि गप्प होतो. डोळ्याला न दिसणारा तडा असा कानाला कळतो. बाद ठरलेला कप तिथल्या तिथे पिंपात आपटून फोडायचा, हा कारखान्याचा जुना, कडक रिवाज. नाही फोडला तर तो मागच्या दाराने बाहेर जातो आणि उद्या कुणाच्या तरी मांडीवर उकळता चहा सांडतो. म्हणून पारख्याचा शब्द शेवटचा. त्याने बाद म्हटलं की झालं बाद.

तर या पारख्यांनी बैठकीला वळण लावलं. ते म्हणाले, एकदा बोललेलं कुणी पुन्हा बोलायचं नाही. सगळ्यांना ठाऊक आहे ते सांगायला सगळे आहेतच की. तुम्ही ते सांगा, जे फक्त तुमच्याच डोळ्यांनी पाहिलंय. आणि बोलून झाल्यावर लगेच बसायचं नाही. उभ्यानेच स्वतःला विचारायचं, "मी चुकत असेन, तर काय दिसेल?" आणि त्याचं उत्तर द्यायचं. नुसतं "मी चुकणार नाही" म्हटलं तर पुढचा महिनाभर तोंड उघडायचं नाही. स्वतः पारखी सगळ्यात शेवटी बोलायचे, कारण ते आधी बोलले तर बाकीचे नुसत्या माना डोलावतील, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पहिले काही आठवडे लोकांनी चेष्टा केली. गोळेमास्तर म्हणजे मातीचे गोळे मळणारा गलेलठ्ठ, हसरा गडी; त्याने ही युक्ती घरी जाऊन बायकोवर चालवली. तिला म्हणाला, "भाजी खारट झालीय असं मला वाटतं. मी चुकत असेन, तर काय दिसेल?" बायको म्हणाली, "रिकामं ताट दिसेल," आणि ताट उचलून घेऊन गेली. पण हळूहळू रीत अंगी मुरली. माणसं दुसऱ्याचं ऐकायला लागली. कालचं आपलं म्हणणं आज सोडून देण्यात नाक कापलं जात नाही हे कळलं. माल कमी फुटायला लागला आणि मालकीणबाई गुरुवारी स्वतः येऊन कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायला लागल्या.

आपली गोष्ट मात्र झिलईच्या खोलीतल्या एका पोरीची आहे. भट्टीवाल्यांची ती एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेलेली, बापाने भट्टीच्या उबेत वाढवली. कामाला लागली तेव्हा तोंडातून शब्द फुटायचा नाही. पारख्यांनी तिला बोलतं केलं. "तू सांग गं, तुझ्या हातून आज हजार कप गेले, माझ्या कानाखालून नंतर जाणार आहेत," असं म्हणून दर बैठकीत तिच्यासाठी थांबायचे. आणि एके दिवशी ती उभी राहिली आणि बादलीतली झिलई तळाशी बसते, ती मधून मधून ढवळायला हवी, हे तिने सगळ्यांसमोर सिद्ध करून दाखवलं. पारखी इतके खूश झाले, इतके खूश झाले, की त्यांनी तिथेच भट्टीवाल्यांना सांगितलं, "ही पोर मला सून म्हणून द्या. प्रश्न विचारणारं माणूस घरात हवं." भट्टीवाले म्हणाले, "न्या, पण परत करायची नाही हं." असे दोघे जुने दोस्त व्याही झाले. पारख्यांचा मुलगा मालाची गाडी चालवायचा, स्वभावाने गरीब. त्याला कुणी विचारलंच नाही म्हणा, पण तो तक्रार करणाऱ्यातला नव्हता.

लग्नाला पुरती चार वर्षं झाली नसतील, आणि बाद माल वाढायला लागला.

सगळा नाही, बरं का. मोठे वाडगे ठीक होते, थाळ्या ठीक होत्या. बाद व्हायचे ते लहान कप. पारख्यांच्या टेबलाजवळचं पिंप दुपारपर्यंत भरायचं, मग संध्याकाळपर्यंत दुसरं. बैठक बसली आणि सगळ्यांनी डोकी लावली. गोळेमास्तर म्हणाला, लहान कपाची भिंत पातळ असते, ती लवकर गार होते. बांधणीतल्या बाई म्हणाल्या, लहान कप भट्टीत वरच्या फळीवर असतात. कुणी म्हणालं, वरची फळी दाराजवळ आहे. कुणी म्हणालं, दार हल्ली नीट बसत नाही, फट राहते. एकाने एक कडी आणली, दुसऱ्याने दुसरी, आणि बघता बघता साखळी तयार झाली. फटीतून गार वारा, वारा वरच्या फळीला, फळीवर पातळ कप, कपाला तडा. एकही कडी खोटी नव्हती. प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी पाहिलेलंच सांगितलं होतं. असं सुरेख काम बैठकीत क्वचित व्हायचं, आणि पारखी शेवटी म्हणाले, "भट्टीकडे बघायला हवं."

भट्टीवाल्यांनी बघितलं. दार नव्याने बसवलं, फट लिंपली. भट्टी दुप्पट वेळ गार होऊ दिली. पिंप भरायचं ते भरतच राहिलं. भट्टीवाले रात्री जेवेनासे झाले. पंचवीस वर्षांत त्यांच्या भट्टीला कुणी नाव ठेवलं नव्हतं. आता मालकीणबाई येता-जाता भट्टीकडे पाहायच्या आणि काही न बोलता पुढे जायच्या, आणि हे न बोलणं शिव्यांपेक्षा वाईट. मग बातमी फुटली की दुसऱ्या गावाहून एक तरुण भट्टीवाला येऊन मालकीणबाईंना भेटून गेला. येत्या गुरुवारी बैठकीत काय ते ठरवू, असं त्या म्हणाल्या होत्या. भट्टीवाल्यांच्या वयाला आता दुसरी भट्टी कोण देणार? घरी बसून भिंतीकडे बघण्यापलीकडे त्यांच्या नशिबी काही उरणार नव्हतं, आणि हे मुलीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

इकडे घरी वेगळाच तमाशा चालला होता. पारख्यांच्या घरी कपडे धुवायचं मशीन होतं. धुणं झालं की ते टीं टीं करून सांगायचं. पारखी एक दिवस म्हणाले, "हे मशीन हल्ली वाजत नाही." सासूबाई म्हणाल्या, "वाजतं की." "नाही वाजत. मी समोर बसलो होतो." दुरुस्तीवाला बोलावला. त्याने उघडलं, बंद केलं, म्हणाला, काही बिघाड नाही. पारखी म्हणाले, "आजकाल कुणाला काम येत नाही," आणि त्याला चहासुद्धा न देता वाटेला लावलं. सासूबाई हसून सुनेला म्हणाल्या, "यांना माझं कधी ऐकू आलंय, म्हणून मशीनचं येईल? लग्नाला इतकी वर्षं झाली, मी आपली भिंतीशी बोलते." दोघी हसल्या. हसता हसता सून थांबली. सासूबाईंचा आवाज बारीक होता, चिमणीसारखा. तिच्या स्वतःच्या नवऱ्याचा आवाज जाड. त्याचं पारख्यांना शेजारच्या खोलीतूनही ऐकू यायचं.

तिच्या मनात एक शंका आली. पण नुसत्या शंकेवरून काही ठरवायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं होतं? त्यांनीच.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती डबा द्यायच्या निमित्ताने पारख्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. पारख्यांनी लहान कप तळहातावर घेतला, टिचकी मारली. कप टण्णकन वाजला. स्वच्छ, लांब, कानात राहील असा. पारख्यांनी मान हलवली आणि कप पिंपात आपटला.

"गेला, अण्णा?" तिने विचारलं.

"गेला. ऐकलं नाहीस? बद्द."

"ऐकलं," ती म्हणाली.

ती तिथेच उभी राहिली आणि आणखी चार-पाच कप ऐकले. एक खरंच बद्द होता. बाकीचे वाजत होते. पारखी तोच मन लावलेला चेहरा करून, डोळे मिटून, एकेक कप ऐकत होते आणि चांगले कप फोडत होते. त्यांच्या हाताला टिचकी कळायची, मोठ्या वाडग्याचा जाड सूरही ऐकू यायचा, पण लहान कपाचा वरचा बारीक सूर त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. आणि ज्याच्यात सूर नाही तो फुटका, एवढं तर त्यांचं आयुष्यभराचं शास्त्र होतं. फुटलेल्या कपाला विचारणार कोण, की बाबा तू आधीच फुटलेला होतास का? बैठकीच्या टेबलावर येत होते ते नुसते तुकडे. का फुटले, का फुटले, म्हणून इतकी शहाणी माणसं डोकं खाजवत होती. पण फुटले होते का, हे एकानेही विचारलं नव्हतं. तिनेही नाही.

आपलेच दात, आपलेच ओठ. बोलावं तर ज्याने बोलायला शिकवलं त्याचाच कान चार माणसांत उघडा पाडायचा, आणि कान गेला म्हणजे पारख्याकडे राहिलं काय? न बोलावं तर बाप घरी बसतो. तिला रडू आलं, आणि राग आला, आणि नक्की कुणाचा आला हे तिला सांगता आलं नसतं.

संध्याकाळी ती बापाकडे गेली. भट्टीवाले दाराच्या पायरीवर बसून चिमटा साफ करत होते, तो आधीच स्वच्छ होता. तिने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चिमटा बाजूला ठेवला.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले.

"वाटलं होतं? मग बोलला का नाही, बाबा?"

"काय बोलू? माझी भट्टी चांगली आहे, माझ्या व्याह्याचा कान वाईट आहे? चोर म्हणेल का मी चोरी केली? जो तो म्हणेल, स्वतःच्या गळ्याशी आलं तसा दुसऱ्यावर ढकलतोय."

"मग मी बोलते."

"तू? तू माझी मुलगी. तुझं कोण खरं मानेल? म्हणतील, बापाची बाजू घेते. आणि तुला रोज त्या घरात दोन घास खायचेत. मी काय, आज आहे उद्या नाही."

"असलं बोलू नका."

"बरं, नाही बोलत." त्यांनी चिमटा परत हातात घेतला. "अगं, त्या माणसाला दुसरं काही येत नाही. मी निदान माती मळीन, ओझी उचलीन. तो काय करेल?"

तिला वाटलं, हा माणूस मूर्ख आहे. मग वाटलं, मूर्ख नाही, दोस्त आहे. आणि आपल्या बापावर इतकं प्रेम आणि इतकी चीड एकाच वेळी येऊ शकते याचं तिलाच नवल वाटलं. निघताना ती म्हणाली, "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. माझ्या शब्दाला किंमत नाही." भट्टीवाल्यांना वाटलं, पोरीला पटलं. बापांना असं पुष्कळदा वाटतं.

गुरुवार आला. टेबलावर तुकड्यांचा ढीग, मालकीणबाई कोपऱ्यात, आणि गोळेमास्तरसुद्धा विनोद न करता बसलेला. भट्टीवाले पहिले उभे राहिले. म्हणाले, "या आठवड्यात मी उलटं केलं. लहान कप खालच्या फळीवर ठेवले, मोठे वाडगे वर दाराजवळ. वाऱ्याचा दोष असता तर वाडगे फुटायला हवे होते. वाडगे चांगले आले. लहान कपच बाद झाले."

खोलीत चुळबुळ झाली. ही गोष्ट नवी होती आणि साखळीत बसत नव्हती.

"मी चुकत असेन तर काय दिसेल?" भट्टीवाले पुढे म्हणाले. "भट्टीत दुसरा काही दोष असेल, मला न कळलेला." आणि खाली बसले. व्याह्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

गोळेमास्तर उठला, म्हणाला, खालची फळी आचेजवळ आहे, तिथे आच जास्त लागत असेल. बांधणीच्या बाई म्हणाल्या, भट्टी जुनी झाली, जुन्या भट्टीचं काही सांगता येत नाही. बघा गंमत. साखळीतली कडी तुटली की माणूस साखळी टाकून देत नाही, नवी कडी जोडतो. अगदी इतकं शिकलेल्या बैठकीतसुद्धा. लोकांच्या मनात एव्हाना भट्टीवाले निघून गेले होते, त्यांना फक्त निरोप द्यायचा राहिला होता.

शेवटी पारखी उठले. त्यांना हे काम आवडत नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "व्याही म्हणून मला काहीही वाटो," ते म्हणाले, "मला जे ऐकू आलं ते मी सांगणार. इतका बाद माल मी जन्मात पाहिला नाही. मातीत दोष नाही, झिलईत दोष नाही. मग उरली भट्टी." आणि ते बसायला लागले.

मालकीणबाईंनी मान डोलावली. "मग ठरलं—"

"अण्णा," सून म्हणाली. ती उभी राहिली होती. "तुमचं राहिलं."

"काय राहिलं?"

"तुम्ही चुकत असाल, तर काय दिसेल?"

कुणाच्या तरी हातातला चमचा बशीवर वाजला. इतक्या वर्षांत पारख्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विचारणार कसा? ते शेवटी बोलायचे, त्यांच्यानंतर उभं राहायला कुणी उरलेलंच नसायचं. दुसऱ्यांवर आपला दाब पडू नये म्हणून त्यांनी मोठ्या मनाने शेवटची जागा घेतली होती, आणि नेमकी तीच एक जागा अशी निघाली, की जिथे प्रश्न पोचत नव्हता.

"सूनबाई, बस खाली," गोळेमास्तर हळूच म्हणाला. "मोठ्यांशी असं—"

"तू थांब रे," पारखी म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "माझ्यावर संशय आहे तुझा?"

"मी काहीच सांगत नाही, अण्णा. मी भट्टीवाल्यांची मुलगी, माझं सांगणं धरूच नका. मी फक्त विचारते."

भट्टीवाले जमिनीकडे बघत बसले होते. पारखी रागावले होते यात शंका नाही. घरात घेतलेल्या पोरीने चार माणसांत असं करावं, याचा कुणाला राग येणार नाही? पण प्रश्न त्यांचाच होता. जन्मभर दुसऱ्याच्या गळ्यात घातलेला प्रश्न आपल्या गळ्यातून काढून फेकायचा, एवढा हलका तो माणूस नव्हता.

"मी चुकत असेन," ते शेवटी म्हणाले, एकेक शब्द वेचून काढल्यासारखे, "तर चांगला कप मला फुटका वाटेल. आणि बाकी सगळ्यांना चांगला वाटेल." ते थांबले. "आणि तो मी लगेच फोडत असल्यामुळे हे कधीच दिसणार नाही."

मग ते कामाला लागले. परीक्षा त्यांनीच मांडली, आणि इतकी कडक मांडली की वैऱ्यानेही मांडली नसती. आजच निघालेला, कुणीही न पाहिलेला माल मालकीणबाईंनी स्वतः आणायचा. टिचकी सुनेने मारायची. "तिनेच का?" मालकीणबाईंनी विचारलं. "प्रश्न तिचा आहे," पारखी म्हणाले. बाकीच्यांपैकी ज्याला कप फुटका वाटेल त्याने हात वर करायचा, तोंडाने बोलायचं नाही. मग कपाला शाई चोळून पुसायची. तडा असेल तर रेघ उठते, तिथे कुणाचा कान लागत नाही. आणि पारख्यांनी भिंतीकडे तोंड करून बसायचं. "हातात घेतला तर हाताला कळतं, समोर असला तर तुमची तोंडं दिसतात," ते म्हणाले, खुर्ची फिरवली आणि पाठ करून बसले. पाठमोरे ते एकदम म्हातारे दिसले. सुनेच्या हे आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

पहिला आला मोठा वाडगा. तिने दांडी मारली. "चांगला," पारखी म्हणाले. कुणाचा हात वर नव्हता. शाईची रेघ नाही. दुसरा वाडगा. "चांगला." तिसरा बद्द वाजला, सगळ्यांचे हात वर गेले, आणि पारखी तत्काळ म्हणाले, "फुटका." शाईने खालपर्यंत काळी रेघ काढून दिली. गोळेमास्तरने सुटकेचा श्वास टाकला आणि सुनेकडे असं पाहिलं, की झालं ना समाधान? तिलाही क्षणभर वाटलं, देवा, मीच चुकलेली असू दे. खरोखर वाटलं. बापाचं काय होईल हे त्या क्षणी तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

मग लहान कप आले. टण्ण.

"फुटका," पारखी म्हणाले.

एकही हात वर नव्हता. मालकीणबाईंनी शाई चोळली, पुसली, कप उजेडात धरला. पांढराशुभ्र. त्यांनी तो आवाज न करता खाली ठेवला.

दुसरा. "फुटका." पांढरा. तिसरा. "फुटका." पांढरा. बांधणीच्या बाईंनी पदर तोंडाला लावला. गोळेमास्तर खाली मान घालून बसला. कुणी काही बोलत नव्हतं, तसं ठरलंच होतं, पण गप्प बसलेल्या माणसांचाही एक आवाज असतो आणि तो पारख्यांना बरोबर ऐकू आला असावा, कारण त्यांचे खांदे हळूहळू खाली आले.

"पुरे आता," भट्टीवाले म्हणाले. "व्याही, पुरे. उठा."

"अजून सगळ्यात लहान राहिलेत," पारखी म्हणाले. "अर्धवट परीक्षा म्हणजे परीक्षा नव्हे. घे गं."

सगळ्यात लहान म्हणजे दोन घोटांचे, अंड्याच्या टरफलासारखे पातळ कप. तिने एक उचलला. तो तळहातावर घेतला. तिने टिचकी मारली. तो इवलासा कप असा वाजला की खोलीच्या त्या टोकाला बसलेल्या मालकीणबाईंनीही मान वर केली.

पारखी वाट बघत होते. डोळे मिटून, मान जराशी कलती करून, कामावर बसत तसे.

तिने पुन्हा वाजवला. आणि पुन्हा.

"वाजव की," ते म्हणाले.

तिने बापाकडे पाहिलं.

"अगं, वाजव. घाबरतेस कशाला? मी रागावलो नाहीये."

"वाजवला, अण्णा," ती म्हणाली. तिला वाटलं आपला आवाज निघालाच नाही, म्हणून ती मोठ्याने म्हणाली, "तीनदा वाजवला."

पारखी भिंतीकडे तोंड करून तसेच बसून राहिले. मग त्यांनी मांडीवरचे हात उचलून परत मांडीवर ठेवले.

"मग भट्टी चांगली आहे," ते म्हणाले.